बाहेर पडण्याचे कारण : कंटाळा

नाव व पत्ता माझ्या विनंतीवरून वेगळ्या कागदावर, मोहोरबंद. वय २७ वर्षे. व्यवसाय : औषध-चाचणी केंद्रात माहिती-नोंद तंत्रज्ञ.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

आमच्या केंद्रात दीर्घ आजारातल्या थकव्यावरील एका गोळीची चाचणी चालू होती. मुदत सोळा आठवडे, सहभागी अठ्ठेचाळीस. माझी सख्खी मावशी त्यांपैकी एक. हे नाते मी सुरुवातीलाच लेखी कळवले होते. तिची फाइल माझ्याकडे येत नसे. केंद्र तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीला लिफ्ट नाही.

पहिल्या तपासणीला मावशी सगळे जिने चढून आली. आजाराने तिच्या बोटांत पेन धरण्याइतकी ताकद उरलेली नाही, म्हणून संमतीपत्रावर तिने अंगठा लावला.

आठ आठवडे गोळ्या घेतल्यावर दुसरी तपासणी होती. त्या दिवशी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थकून बसली. पहारेकऱ्याने तिला स्वतःचे स्टूल दिले आणि वर जाऊन सांगितले. समन्वयक बाईंनी, सवडीने या म्हणावं, असा निरोप पाठवला. खाली कोणी उतरले नाही. मधल्या पायऱ्या बावीस आहेत. मी मोजल्या आहेत. पावणेबाराला पहारेकऱ्याने तिला आधार देऊन खाली नेले. मी त्या वेळी आतल्या खोलीत संगणकावर होते. मला हे संध्याकाळी घरी कळले.

गेल्या सोमवारी अंतिम तक्ता जुळवताना अकरा सहभागी 'स्वेच्छेने बाहेर' दिसले. त्यांना वगळून काढलेल्या सरासरीत थकवा निम्म्यावर आला होता. जुळणीसाठी त्या अकरा फायली माझ्याकडे आल्या. बाहेर पडण्याच्या अकराही अर्जांवर कारण एकच : कंटाळा. शाई एक, अक्षर एक. पहारेकऱ्याच्या वहीप्रमाणे त्यांपैकी नऊ जण आपापल्या तपासणीच्या दिवशी इमारतीत आले होते. मावशीच्या अर्जावर वळणदार सही आहे. त्याच फाइलमध्ये, चार पाने आधी, तिचा अंगठा आहे.

मी समन्वयक बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "अगं, ज्यांना बरं व्हायचंय ते चढतात. बाकीच्यांची हौस फिटते." मावशी आहे म्हणून तुला लागतंय, असेही म्हणाल्या. मावशी आहे, हे खरे. बाकीचे दहा जण माझे कोणी नाहीत.

मावशीला मी सहीची प्रत दाखवली. कुणी काढली गं, माझी तर कधीच इतकी सुरेख आली नाही, असे ती म्हणाली. मग म्हणाली, "जिना चढता आला असता तर गोळ्या कशाला खाल्ल्या असत्या?" गोळ्यांनी थकवा वाढला, हे सांगायलाच ती त्या दिवशी निघाली होती. ते कुठेही नोंदलेले नाही.

अहवाल येत्या शुक्रवारी मंजुरीसाठी पुढे जाणार आहे. त्यात गोळी गुणकारी ठरेल आणि मावशीसारख्यांनाच दिली जाईल. तो थांबवावा, फायली ताब्यात घ्याव्यात व सही कोणाची याचा तपास व्हावा.

लेखनिकांनी हा जबाब मला वाचून दाखवला. मावशी वळणावर 'थकून बसली' असे मी सांगितले असता 'कंटाळून बसली' असे लिहिले गेले होते. दोन्ही एकच, असे त्यांचे म्हणणे पडले. मी तो शब्द खोडून घेतला व शेजारी सही केली. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.