गच्चीच्या चावीबाबत श्रीपत गजभिये यांचा दुसरा जबाब

दिनांक २५ फेब्रुवारी २००४, बुधवार. वेळ दुपारी १२.४०. लखनऊ.

नाव श्रीपत दौलत गजभिये, वय ४४ वर्षे, धंदा नोकरी (रेल्वेच्या संशोधन कार्यालयात वरिष्ठ तंत्रज्ञ), राहणार रेल्वे वसाहत, मानक नगर, लखनऊ. मूळ गाव पवनी, जिल्हा भंडारा.

मी ठाण्यात स्वतःहून हजर होऊन सांगतो की, मला हिंदी येते. पहिला जबाब मी हिंदीतच दिला होता. आजचा मराठीत द्यायचा आहे असे मी म्हटल्यावरून येथील हेड कॉन्स्टेबल लक्ष्मीकांत पागे, जे मूळचे झाशीचे असून मराठी जाणतात, ते तो लिहून घेत आहेत. हिंदी तर्जुमा सोबत जोडला जाणार आहे हे मला सांगण्यात आले.

माझ्या घरी पत्नी माया आणि मुलगी हेमा, वय १३, इयत्ता आठवी, असे आम्ही तिघे राहतो. आमची इमारत तीन मजली आहे. आम्ही मधल्या मजल्यावर आहोत. सर्वात वरच्या मजल्यावर बाबुराव मेश्राम, वय ५९, हे एकटे राहतात. ते आमच्याच कार्यालयात ड्राफ्ट्समन आहेत व मेमध्ये निवृत्त होणार आहेत. त्यांची पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. ते आमच्याच जिल्ह्याचे. १९९१ साली मी लखनऊला बदलून आलो तेव्हा क्वार्टर मिळेपर्यंत तीन महिने मी त्यांच्याकडे राहिलो होतो.

गच्चीच्या दाराची चावी बाबुराव यांच्याकडे असते. ती त्यांच्या दाराशेजारी खिळ्याला टांगलेली असते. कपडे वाळत घालायचे असले की बायका ती घेतात आणि परत टांगतात.

हेमाकडे हातात धरून खेळायचा, दोन सेलवर चालणारा एक व्हिडिओ गेम आहे. बाबुराव यांचा पुतण्या मालवाहू जहाजावर असतो. त्याने काकांना तसले दोन आणि पत्त्यांच्या खेळाच्या दोन कॅसेट आणून दिल्या. त्यातला एक संच बाबुराव यांनी हेमाला दिला. परदेशात हा खेळ कागदाच्या पत्त्यांवर खेळतात, एकमेकांशी पत्ते बदलतात. इथे ते पत्ते मिळत नाहीत, पण कॅसेटमध्ये सगळे असतात, असे हेमाने मला एकदा समजावले होते. साठ पत्त्यांचा आपला जोड लावायचा, जिंकले की नव्या पत्त्यांचे पाकीट मिळते. दोन गेम वायरने जोडले की समोरच्याशी खेळता येते आणि पत्त्यांची अदलाबदलही करता येते. मी तेव्हा पेपर वाचत होतो. यापेक्षा जास्त मी ऐकून घेतले नाही.

या हिवाळ्यात दर रविवारी दुपारी हेमा आणि बाबुराव गच्चीवर उन्हात बसून खेळत. बाबुराव चष्मा कपाळावर चढवून स्क्रीन डोळ्यांजवळ धरत. ते बहुतेक हरत. त्यांचे मोठ्याने हसणे आमच्या घरात ऐकू येई. हेमा माझ्याशी घरात हिंदीत बोलते. त्यांच्याशी मराठीत बोलायची.

सहामाहीत हेमाला गणितात ३१ गुण पडले. मी तिला गेम बंद करायला सांगितले होते. तिने केला नाही.

दिनांक १५ फेब्रुवारी, रविवार, दुपारी चारच्या सुमारास मी तिला बोलवायला गच्चीवर गेलो. दोघे पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते. मध्ये वायर होती. हेमा वर न बघता म्हणाली, "पापा, बस दो मिनट. ट्रेड चल रहा है."

बाबुराव म्हणाले, "थांब ना गा श्रीपत. एकच पत्ता जायचा राहिलाय."

मी म्हणालो, "तुम्हाला पोरंबाळं नाहीत म्हणून माझ्या पोरीचं वाटोळं करता का?"

हे मी पहिल्या जबाबात सांगितले नव्हते.

मी हेमाच्या हातातून गेम ओढला. वायर निघाली. हेमा ओरडली, "अभी मत निकालो!" बाबुराव यांनी आपला गेम बंद करून वायर गुंडाळली आणि उठले. जाताना त्यांनी चावी माझ्या हातात दिली व म्हणाले, "खाली जाताना कुलूप घाल." ते गेले. चावी मी पँटच्या खिशात ठेवली.

त्यानंतर हेमा रडत गेम मागू लागली. मी तो कठड्यावरून फेकून दिला. तो जमिनीवर पडला नाही. कठड्याखाली साधारण चार फुटांवर वरच्या मजल्याच्या खिडकीचा छज्जा आहे, त्यावर जाऊन अडकला. तो चालूच होता. त्याचे संगीत वर ऐकू येत होते. हेमा कठड्यावरून वाकून बघत होती. मी म्हणालो, "राहू दे तिथंच," आणि खाली निघून आलो. कुलूप घातले नाही. मुलगी गच्चीवर होती. छज्जा किती खाली आहे हे मला दिसले होते.

घरी येऊन मी चहा मागितला. माया चहा टाकत होती. साधारण दहा मिनिटांनी खालून आवाज झाला आणि लोक ओरडू लागले.

प्लास्टरच्या कामासाठी इमारतीमागे वाळूचा ढीग टाकलेला होता. हेमा त्याच्या कडेला पडली होती. उजव्या मांडीचे हाड आणि मनगट मोडले. कमरेलाही मार आहे. गेम तिच्या डाव्या हातात होता. दवाखान्यात नेईपर्यंत तिने तो सोडला नाही.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात माझा पहिला जबाब झाला. त्यात मी सांगितले की, मी घरी झोपलो होतो, गच्चीची चावी बाबुराव यांच्याकडे असते, त्यांनी दार उघडे ठेवले आणि मुलीला वर एकटी सोडले. हे खोटे आहे. त्या वेळी चावी माझ्या खिशात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला आणि कपडे घ्यायला मी घरी आलो तेव्हा ती बाबुराव यांच्या दाराशेजारच्या खिळ्याला टांगली. पोलिसांना ती तिथेच सापडली.

पोलिसांनी हेमाला विचारले तेव्हा मी खाटेजवळ उभा होतो. ती म्हणाली, "मेरे हाथ से गिर गया था. मैं उठाने गई." मी तिला असे सांगायला शिकवले नव्हते. ते सांगून तिने माझ्याकडे पाहिले व पाणी मागितले. मी पाणी दिले.

त्यानंतर बाबुराव यांना तीन वेळा ठाण्यात बोलावण्यात आले. त्यांनी प्रत्येक वेळी, "चावी माझ्याकडे असते," एवढेच सांगितले असे मला कळले. वसाहतीतल्या लोकांनी तेरा वर्षांच्या मुलीशी म्हातारा माणूस काय खेळतो, अशी चर्चा सुरू केली. कार्यालयातही ती पोहोचली. कँटीनमध्ये ते बसले की लोक दुसऱ्या टेबलावर जात. मीही गेलो. मला कोणी विचारले तर मी, "जाऊ द्या," म्हणत असे. ही चर्चा पूर्ण खोटी आहे, हे माझ्या जबाबात स्पष्ट लिहावे अशी माझी विनंती आहे.

काल, दिनांक २४ रोजी संध्याकाळी, दवाखान्यात हेमाने मला जवळ बोलावले. तिने गेममध्ये नवे सेल घालून घेतले होते. ती मराठीत बोलली. म्हणाली, "बाबा, काकांचा पत्ता गेला. वायर निघाली तेव्हा त्यांच्याकडून निघाला होता, माझ्याकडे आलाच नाही. त्यांच्याकडे तो एकच होता. त्यांना सांगा, मी मुद्दाम नाही केलं." मी म्हणालो, सांगतो. ती म्हणाली, "ते रागावले आहेत का? येत का नाहीत?"

माया पलीकडे संत्रे सोलत होती. ती थांबली. गेल्या दहा दिवसांत तिने मला एकदाही काही विचारलेले नाही.

आज सकाळी नऊ वाजता मी बाबुराव यांच्याकडे गेलो. त्यांनी दार उघडले, आत ये म्हणाले नाहीत. मी हेमाचा निरोप सांगितला. ते चौकटीला हात लावून उभे होते. मग म्हणाले, "चावी मी तुझ्या हातात दिली होती, श्रीपत."

मी हो म्हणालो.

ते म्हणाले, "पोरीचा बाप आहे, सांगेल, म्हणून मी थांबलो. रोज वाटायचं, आज सांगेल." त्यांनी दाढी केलेली नव्हती. मी त्यांचे पाय धरायला वाकलो तेव्हा ते मागे सरले. म्हणाले, "माझ्यापुढे नको. जिथं लिहून दिलंस तिथं जा." नंतर दार लावले.

मी कार्यालयात रजेचा अर्ज टाकून सरळ इकडे आलो. बाबुराव मेश्राम यांचा या घटनेत कोणताही दोष नाही. त्यांच्यावर चाललेली चौकशी थांबवावी. माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

दवाखान्यात भेटीची वेळ पाच ते सहा आहे. मुलीला माझ्या पहिल्या जबाबातले अजून काही माहीत नाही, की तिला सगळेच माहीत आहे, हे मला समजत नाही. काकांबद्दल तिने विचारलेल्याचे उत्तर मला तिला द्यायचे आहे. आज सोडता येत नसेल तर साहेबांनी तसे आताच सांगावे, म्हणजे पत्नीला निरोप पाठवता येईल.

हा जबाब मी कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही. पागे यांनी तो मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे उतरला आहे. काही गाळायचे आहे का, असे त्यांनी विचारले. गाळायचे काही नाही.

सही
श्रीपत दौलत गजभिये

समक्ष
लक्ष्मीकांत पागे, हेड कॉन्स्टेबल