काळ्या तारा मध्ये

मधुकर : अगं, किती वेळा तेच तेच विचारशील? नाही दाखवला म्हटलं ना!

चैत्राली : चिडू नका ना बाबा. शेवटचं विचारते. तुम्ही न्यू टाउनला जाऊन अविनाशदादांकडून जुन्या कॉम्प्युटरचा हा बोर्ड आणलात, तेव्हा त्यांनी तो चालू करून दाखवलाच नाही?

मधुकर : नाही. पिशवीत घातला, हातात दिला. संपलं.

चैत्राली : मग मी ग्रुपवर लिहिलं तेच बरोबर. मेलेला बोर्ड गळ्यात मारला. ग्रुपवरचे जुन्या कॉम्प्युटर-गेमवाले सगळे म्हणतायत, त्यांना ग्रुपमधून काढा. अ‍ॅडमिन फक्त माझ्या ‘हो’साठी थांबलाय.

मधुकर : काढायचं कशाला लगेच? चांगला माणूस आहे गं तो.

चैत्राली : चांगला? किती दिवस शोधत होते मी असा बोर्ड!

मधुकर : झालं असेल काहीतरी चुकून. तू आधी दुरुस्त होतो का ते बघ.

चैत्राली : बघतेच आहे. कंपनीचं नाव कुठेच नाही याच्यावर. शेवटी स्लॉटखालच्या बारक्या नंबरावरून ओळखला. फोर-एटी-सिक्सचाच आहे. मग नेटवर याचा नकाशा पण मिळाला. हे बघा, इथला पिवळा कपॅसिटर फुटला होता, त्यानंच सगळं शॉर्ट झालेलं. तो काढला, मीटर लावला, शॉर्ट गेला! नवीन बसवलाय. आता पॉवर देते.

मधुकर : थांब, थांब! काळ्या तारा मध्ये. पॉवरच्या दोन्ही प्लगांच्या काळ्या तारा एकमेकींच्या शेजारी यायला पाहिजेत.

चैत्राली : मला माहितीये. तुम्हाला कसं माहीत?

मधुकर : म्हणजे काय! गार्डन रीचच्या यार्डात जन्म गेला माझा. अख्ख्या जहाजांची वायरिंग केलीय.

चैत्राली : जहाजात असले प्लग असतात?

मधुकर : तार इथून तिथून तारच.

चैत्राली : बाबा, बोर्ड आणलात त्या दिवशी मी ऑफिसमधून आले, तर घरभर धुनोचा, त्या बंगाली धुपाचा धूर. तुम्हाला तर धुनोनं खोकला येतो. शेजारच्या मासीमांनी संध्याकाळी पेटवला तरी खिडक्या लावून घेता तुम्ही.

मधुकर : डास फार झाले होते.

चैत्राली : बाबा.

मधुकर : चहा टाकू का तुला?

चैत्राली : बोला ना. कसला वास घालवत होतात?

मधुकर : मीच लावून बघितला गं. म्हटलं, पोरगी दमून येईल, दार उघडल्या उघडल्या गेम चालू दिसेल. ते दोन प्लग दिसायला सारखेच. एक नीट बसेना, मी जरा जोर केला. बटण दाबलं तर फट्कन आवाज आणि हा जळका वास! काळ्या तारांचं मग फोनवर वाचलं. आधी वाचायची बुद्धी झाली नाही.

चैत्राली : मग सांगायचं ना मला! मी काय ओरडले असते?

मधुकर : ओरडली असतीस तर चाललं असतं. पण तू हसली असतीस. यार्डात माझ्या हाताखाली केवढी माणसं शिकली, आणि मी घरातल्या टेबलावर दोन प्लग उलटे बसवले! तू आल्या आल्या विचारलंस, त्यांनी चालवून दाखवला का, आणि माझ्या तोंडून ‘नाही’ निघून गेलं. मग मागे फिरता येईना.

चैत्राली : म्हणजे त्यांनी दाखवला होता?

मधुकर : समोर बसवून दाखवला. वर चहा, खारी निमकी. एक डाव खेळलोसुद्धा मी.

चैत्राली : छे, बाबा! काय केलंत हे! सगळ्या ग्रुपसमोर मी त्यांना चोर ठरवलं.

मधुकर : लाज वाटते गं. तू तो ग्रुप उघडलास की मी उठून गॅलरीत जातो.

चैत्राली : माझ्या पोस्टखाली त्यांनी काय लिहिलंय, वाचलंत?

मधुकर : हिंमत नाही झाली. तू वाच.

चैत्राली : “काका म्हणतात तर तसंच असेल. मी येऊन बोर्ड परत घेऊन जातो. चैत्राली, तुला त्रास झाला, माफ कर.”

मधुकर : त्यानं माफी मागितली? त्यानं?

चैत्राली : हो. मला वाटलं, पकडले गेले म्हणून नरमले.

मधुकर : फोन लाव त्याला. आत्ता.

चैत्राली : लावते. तुम्ही बोला, मी आतल्या खोलीत जाते.

मधुकर : नाही, तू इथेच बस. आणि तो स्पीकर चालू कर.

(चैत्राली फोन लावून टेबलावर ठेवते.)

अविनाश : हां, बोल चैत्राली. उद्या येऊ का बोर्ड न्यायला?

मधुकर : मी मधुकर बोलतोय.

अविनाश : अरे, काका! कसे आहात? त्या दिवशी घरी बेहालापर्यंत बसमध्ये बसायला मिळालं का?

मधुकर : ते राहू दे रे. बोर्ड माझ्या हातून जळला. प्लग उलटे लावले मी. आणि पोरीला सांगितलं, तू चालवून दाखवलाच नाहीस. तुझं नाव खराब केलं मी.

अविनाश : हं. वाटलंच होतं मला तसं काहीतरी.

मधुकर : मग लिहिलं का नाहीस तिथं? ‘काका समोर बसून खेळून गेलेत,’ एवढं लिहिलं असतंस तरी झालं असतं. ऐकून कसलं घेतोस लोकांचं?

अविनाश : कसं लिहिणार, काका? तुमच्या मुलीनं वाचलं असतं.

मधुकर : ती इथेच बसलीय, अविनाश. सगळं ऐकतेय.