पिकुआचं डोकं

नाव नेरेइदा ओलिवेरा माचिन, वय ५४, धंदा खाणावळ, राहणार मांगलितो, दक्षिण किनारा, ग्रान्मा प्रांत, क्युबा. सोमवार, २० मे, सकाळी साडेनऊ.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावलेलं नाही, आपणहून आले आहे. गेल्या बुधवारी याच टेबलावर मी एक जबाब दिला. माझे दीर एल्पिदिओ रोन्दोन यांनी सिएरा, म्हणजे सुरमईसारखा बिनधोक मासा, म्हणून मला पिकुआ मासा दिला, असं त्यात लिहिलं आहे. ते खोटं आहे. त्या खोट्यावर ते पाच दिवस कोठडीत आहेत. त्यांना सोडावं म्हणून हा दुसरा जबाब.

पिकुआ विकायला बंदी आहे. मोठी पिकुआ खडकातले मासे खाते, आणि एखादीत विष असतं. ते दिसत नाही, वास येत नाही, शिजवून जात नाही. आमच्या गावात हे शाळेत जाण्याआधी कळतं, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

माझी खाणावळ समुद्राकाठी आहे. वर झावळ्या, भिंती नाहीत, आठ बाकं. नवरा वारल्यापासून अकरा वर्षं मी एकटी चालवते. कंद मागच्या शेतातले, केळी शेजारच्या दिओनिसिओची, मासा समोरच्या समुद्रातला. फळ्यावर तसं लिहिलेलं आहे. त्याचा मला फार तोरा होता, हेही लिहून घ्यावं.

रविवारी १२ तारखेला आईचा दिवस, म्हणजे मातृदिन, होता. बावीस माणसं आपापल्या आया घेऊन जेवायला यायची होती. चार दिवस समुद्र खवळलेला, एकही होडी बाहेर नाही. सकाळी सातला धक्क्यावर एल्पिदिओ एक मोठी पिकुआ कापायला बसले होते. त्यांना ती खडकाजवळ गळाला लागली होती.

"वहिनी, ही तुमच्यासाठी नाही. आमिषाला आहे," ते म्हणाले.

"भाऊजी, बावीस माणसं यायचीत. त्यांना काय नुसता समुद्र दाखवू?"

"केळी तळा, कंद उकडा. एक दिवस फळा पुसलात तर हात झिजतील का?"

"आधी मांजराला घालून बघते."

"तुमच्या मांजराला? ते चप्पलसुद्धा खाईल. त्याच्या भरवशावर माणसं जेवू घालणार?"

मी मासा हातगाडीत टाकला. त्यांनी हात धरून अडवलं नाही. मोठ्या भावाच्या बायकोशी ते कधी वाद ताणत नाहीत. मागून एवढंच म्हणाले, "निदान डोकं तरी फेका, वहिनी." त्यांचा दोष असलाच तर इतकाच.

संशयाचा मासा आधी मांजराला घालायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. मी शेपटाकडचा तुकडा घातला आणि दोन तास थांबले. मांजर ठणठणीत होतं. अजूनही आहे. आता डॉक्टर सांगतात की विष डोक्यात आणि काळजात जास्त साठतं, शेपटाकडे कमी.

साडेबाराला पंगत बसली. पाहुण्यांना तुकड्या तळून वाढल्या. डोक्याचं सूप आम्ही विकत नाही, ते घरातल्या सगळ्यात वडील माणसाचा मान. माझी आई एउदोसिया, वय ८१, माझ्याकडेच राहत होती. त्यातून आईचा दिवस. लसूण घालून, लिंबू पिळून वाडगा मी स्वतः तिच्यापुढे ठेवला.

चारच्या सुमारास नऊ जणांना उलट्या सुरू झाल्या. ते सगळे मंगळवारपर्यंत बरे होऊन घरी गेले. साडेपाचला मी आईला गार पाणी दिलं, तिने पेला टाकून दिला. "पोळतंय गं," म्हणाली. या विषाने गार ते गरम लागतं. मंगळवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी ती इस्पितळात वारली.

बुधवारी तिला पुरून घरी आलो तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीने सगळ्यांसमोर विचारलं, "आईला काय घातलंस?" मी म्हणाले, एल्पिदिओंनी फसवलं. ते तोंडातून निघून गेलं. मग इथे येऊन तेच सांगितलं. घरच्यांना एकदा खोटं सांगितलं की पोलिसांना सांगायला काही जड जात नाही. ज्या माणसाने मला तीनदा अडवायचा प्रयत्न केला, त्यालाच मी आत घातलं. मला लाज वाटते.

आणखी एक सांगायचं आहे. आईला मोतीबिंदू होता, दिसत नव्हतं. पण तिने साठ वर्षं मासेमाराचा संसार केला होता. सूप पिताना तिने डोकं बोटांनी चाचपलं. बोटांना लांब सुळ्यासारखे दात लागले, सिएराला तसे नसतात, तशी ती थांबली.

"नेरे, ही पिकुआ आहे ना गं?"

"नाही आई, सिएरा आहे. खा."

"बरं," म्हणाली आणि तिने सगळं संपवलं.

जबाब वाचून दाखवताना सार्जंट म्हणाले, हे शेवटचं आम्हाला लागत नाही, खोडू का. मी म्हणाले, राहू द्या. मी सांगितलं तसंच सगळं उतरलं आहे. खाली सही केली आहे.