खिशातलं टोपण

...नाही नाही, ती खुर्ची डुगडुगते, इकडे बसा, माझी बॅग घेते मी खाली. आणि हो, खरंच घरी बांधली. तुम्ही मघाशी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलंत ना, तसंच सगळे बघतात — घरी? गाडी? — घरी म्हणजे गॅरेजमध्ये, अगदी स्वयंपाकघरात नाही, जरी पहिले दोन हिवाळे गिअरबॉक्स आमच्या आंघोळीच्या टबात होता हे खरं आहे. एका लॉरीतून एकोणीस खोकी आली होती. सांगाडा, पत्रे, चाकं, तारांचा एक गुंता आणि एक पुस्तक. पुस्तकात लिहिलं होतं, सवडीने काम केलं तर दीड वर्ष. मी तेरा वर्षांची होते तेव्हा. आता चोविशीची आहे. घ्या, करा हिशोब.

तुमची ती जपानहून आणलेली व्हॅन ना, पांढरी? सुखी माणूस आहात. कोणीतरी अक्कल असलेल्यांनी कारखान्यात बांधलीय, तुम्ही फक्त समुद्रापलीकडून मागवलीत. आमच्या गाडीला जन्मदाखलाच नाही. ती गाडी आहे हे आधी इथे तपासणी केंद्रात पटवून द्यायचं, मग तिला नंबर मिळणार, मग रस्ता. तोपर्यंत कायद्याच्या लेखी आम्ही अकरा वर्षं भंगार जमवतोय — आई तेच म्हणायची, कायद्याच्या आधीपासून. आई ट्रुरो शहरात असते, मावशीकडे. टबामुळे गेली असं ती म्हणते. मला वाटतं, टबात गिअरबॉक्स असल्यामुळे कोणाला आंघोळ करता येत नाही हे बाबांच्या तीन आठवडे लक्षातच आलं नाही, त्यामुळे गेली.

ते बघा, काचेतून दिसताहेत. निळा स्वेटर. तपासनीसाच्या मागे मागे फिरताहेत, बाळंतिणीच्या खोलीबाहेर फिरावं तसे. मला म्हणाले, तू आत बस पोरी, हे माझं काम आहे. चाळीस वर्षं चिनी मातीच्या खाणीत फिटर होते — डेन्झिल रोझवार्न म्हटलं की आमच्या गावात अजून लोक पाण्याचे पंप घेऊन दारात येतात. आणि मी कोण? मी ब्रिस्टलला जाऊन रसायनशास्त्र शिकून आलेली पोरगी. मला पाना कुठल्या टोकाने धरतात ते तरी कुठून कळणार.

तपासनीसाच्या हातात तो गोळा दिसतोय? दांडीला लावलेला, जत्रेतल्या नारळाएवढा? तो गोळा गाडीभर फिरवतात. जिथे जिथे तो टेकेल, तिथे एकही धारदार कड नको, एकही बोल्ट उघडा नको. धडक झाली तर माणसाचं डोकं तिथे आपटेल, म्हणून. बरोबर आहे नियम, मी नियमाच्या बाजूची आहे. मग सगळे बांधणारे काय करतात, तर गाडीभर काळी रबरी टोपणं बसवतात, प्रत्येक नटावर एक, प्रत्येक कडेला रबराची पट्टी, आणि पास झाली की घरी जाऊन पहिल्याच संध्याकाळी सगळी उपटून काढतात, कारण गाडी कुरूप दिसते म्हणे. सगळ्यांना माहीत आहे. तपासनीसालाही माहीत असेल. मोठी मोठी माणसं, नातवंडं असलेली, एका दिवसापुरती शहाणी होतात. तुम्ही हसताय, पण तुम्हीही त्याच वयाचे आहात, माफ करा — तुम्हा लोकांना सगळं एका दिवसापुरतं शहाणपणाने निभावता येतं आणि बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवसांचं आम्ही बघायचं.

आमच्याकडे ती टोपणं दोन वर्षं घरभर आहेत. बाबांच्या प्रत्येक खिशात पाच-सहा. वॉशिंग मशीन दोनदा तुंबलं. मागच्या नाताळात गायनमंडळाच्या कार्यक्रमात — दर गुरुवारी तालमीला जातात ते, खालच्या पट्टीत गातात — रुमाल काढायला गेले आणि चर्चच्या लाद्यांवर टप टप टप, सगळीकडे टोपणं. पाळक वेचत होते.

चहा घेता? थर्मासमध्ये आहे. पेस्टी पण आहे, खिमा-बटाट्याची मोठी करंजीच म्हणा, पण ती बाबांची, त्यांनी कोपऱ्यावर स्वतःच्या नावाचं अक्षर लाटून चिकटवलंय, खाणीतले लोक डबे बदलू नयेत म्हणून करायचे तसं. घरात दोघंच माणसं, तरी.

ट्रेलर? हो, ट्रेलरवर आणली. तुम्हाला कसं माहीत, की चालवत आणता येते? — बरोबर, तपासणीची वेळ ठरलेली असेल, विमा असेल, तर नंबर नसतानाही इथवर चालवत आणता येते आणि परत नेता येते, तेवढीच सूट आहे. त्यांना तेच हवं होतं. अकरा वर्षं तेच स्वप्न, की इथे चालवत यायचं. मी म्हटलं ट्रेलर. का? का म्हणजे — पाऊस होता. बरं, पाऊस नव्हता. मी म्हटलं ट्रेलर, म्हणजे ट्रेलर. सबंध वाटेत आरशातून मागच्या ट्रेलरकडेच बघत होते. फक्त शेवटी म्हणाले, विमा काढून ठेवलाय मी, आजचा. स्वतः फोन करून काढलाय. मला पत्ताच नाही. आपल्या घराचा फोन नंबर ज्या माणसाला तीनदा विचारावा लागतो —

नाही, काही नाही. दमले आहेत जरा. वय आहे.

तुम्हाला एक सांगू? नियम असा की गाडी बांधणाऱ्याने लिहून द्यायचं, ही मी माझ्या हातांनी, माझ्यासाठी बांधली. सोबत फोटो जोडायचे, काम चालू असतानाचे. तो कागद मी भरला, त्यांनी सही केली. बासष्ट फोटो. एकाही फोटोत मी नाही, कारण फोटो काढत होते मी. आणि तशी ती त्यांनीच बांधलीय, खोटं काही नाही त्यात. म्हणजे — नाही, खोटं नाही. बोल्ट आवळला की त्यावर रंगाची रेघ मारायची असते, ठाऊक आहे? नटावरून थेट सांगाड्यापर्यंत, एक पिवळी रेघ. म्हणजे नंतर नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. आणि मुख्य म्हणजे, रेघ आहे म्हणजे काम झालंय. खाणीत जन्मभर हेच केलं त्यांनी. दुसऱ्या पाळीचा माणूस रेघ बघून पुढे जातो, परत तपासत नाही. रेघ म्हणजे फिटरचा शब्द.

फेब्रुवारीत मी पुढच्या चाकाजवळ वाकले होते, खाली पडलेलं कानातलं शोधत, आणि आधाराला हात टेकला तो एका नटावर. रेघ होती. सरळ, सुरेख, त्यांच्या हातची. आणि नट माझ्या बोटांनी फिरला.

बोटांनी.

मग मी पुढचा पाहिला. मग त्याच्या पुढचा. एकेचाळीस निघाले. स्टिअरिंगचे दोन त्यात. रेघ मारायचं हाताच्या लक्षात होतं हो, आवळायचं नव्हतं. मी काय करणार होते? सांगणार होते त्यांना? तुम्ही सांगितलं असतं तुमच्या वडिलांना? मी गुरुवारची वाट पाहिली. ते तालमीला गेले की मी पुस्तक उघडून, पाना घेऊन, एक एक करून — नऊ गुरुवार लागले. आणि तोच पिवळा रंग घेऊन त्यांच्याच रेघेवर रेघ मारली, त्यांच्यासारखीच, शेवटी जरा वर उचललेली. दुसऱ्या दिवशी ते मला गाडीखाली ओढून दाखवायचे, बघ पोरी, एक तरी सैल आहे का? तुमच्या कॉलेजात शिकवतात का असं? आणि मी म्हणायचे, नाही बाबा.

मी आयुष्यात कोणाला इतक्या वेळा नाही बाबा म्हटलेलं नाही. विचारा कोणालाही. मी भांडणारी आहे.

त्यांच्या विसरण्याचं डॉक्टरांना मीच सांगितलं. हे आईलाही माहीत नाही. गावाबाहेरच्या सर्कलला ते उलट्या बाजूने वळले, मी शेजारी होते, समोरून दुधाचा टँकर — काही झालं नाही, टँकरवाल्याने हॉर्न दिला आणि बाबांनी त्याला हात केला, ओळखीचा असल्यासारखा. मग मी डॉक्टरांना फोन केला. मग तपासण्या झाल्या, बाबांना वाटलं कानांच्या आहेत. मग लायसन्सच्या ऑफिसातून पत्र आलं. अकरा दिवस झाले. ते या बॅगेत आहे, तुमच्या पायाशी. त्यांच्या नावाचं आहे, मी उघडलं. लायसन्स रद्द. तीन ओळी आहेत, चौथी अपील कसं करायचं त्याची.

सांगणारच होते. पण रोज सकाळी ते चहाआधी गॅरेजचं दार उघडायचे आणि म्हणायचे, दहा दिवस राहिले. नऊ दिवस. तुम्हीच सांगा कुठल्या दिवशी सांगायचं होतं. नऊच्या की आठच्या?

म्हणून मी — तुम्ही कोणाला सांगणार नाही ना? सांगाल तरी कोणाला म्हणा. हे बघा. माझ्या मुठीत. टोपण. शेजारच्या सीटसमोर, पत्र्याखाली एक बोल्ट आहे, तिथलं. आज सकाळी ट्रेलरवर चढवताना काढलं मी. धोका काही नाही, कोणाला काही होणार नाही, फक्त तो गोळा तिथे टेकणार आणि गाडी नापास होणार. एवढ्याशा कारणाने. मग पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, एक अख्खा हिवाळा मिळेल. हिवाळाभर ते गॅरेजात असतील, रागावलेले, शिव्या घालत, सुखी. गाडी बांधणाऱ्याला लायसन्स लागत नाही. गाडी पूर्ण झाली की मग लागतं. मला एक हिवाळा हवाय फक्त. पुढच्या हिवाळ्यात कदाचित त्यांना आठवणारही नाही की चालवायची होती — हे किती घाणेरडं बोलले मी. पण खरं आहे. अकरा वर्षं मी त्यांना म्हणत आले, संपवा एकदाचं. आणि आता मीच.

थांबा. गोळा आत गेला. शेजारच्या सीटच्या बाजूला आहे तो. वाकला. बघताय? बाबांना बोलावलं त्याने, बोट दाखवतोय. झालं. झालं ते. बाबा वाकलेत. आता डोकं खाजवतील, मग माझ्यावर —

नाही. काय करताहेत? खिशात हात घातलाय.

खिशात.

काढलं त्यांनी. दिसतंय का तुम्हाला? दिसतंय ना, मला एकटीलाच नाही ना दिसत? अंगठ्याने दाबून बसवलं. तपासनीस पुन्हा गोळा लावतोय. मान हलवतोय. लिहितोय. हात — हात मिळवतोय त्यांच्याशी.

किती वेळ झाला मी तुमच्याशी बोलतेय? तुमची व्हॅन आत घेतील आता. उठा ना. नाही, राहू द्या तो कप, तिथेच ठेवा.

या बाबा. पाहिलं मी, काचेतून. हो. हो, एक पडलं होतं, कुठे पडलं असेल कोण जाणे. काय म्हणाला? — वर्षभरात इतके नीट आवळलेले बोल्ट पाहिले नाहीत असं म्हणाला? हो बाबा. नाही, रडत नाहीये, इथे धूर आहे गाड्यांचा. हे गृहस्थ? त्यांची व्हॅन आहे, ते निघालेच आहेत.

ट्रेलर रिकामा न्यायचा? तुम्ही पुढे आणि मी मागून?

किल्ली आहे, बॅगेत आहे. देते. तुम्ही आधी बसा. नाही, त्या खुर्चीवर नको, ती डुगडुगते, इथे माझ्याजवळ बसा. — आणि तुम्ही, कृपा करून, बाहेर जाता का जरा? दार लावून घ्या.