अर्थिंगला शेंदूर

...आणि सगळे मलाच बोलतात. अहो, मी मारुतीपुढं पदर पसरून एवढंच म्हटलं होतं, की ह्यांना त्या इंजिनाचे झटके बसायचे थांबू देत, पाच शनिवार शेंदूर चढवीन. नवऱ्यासाठी बायकोनं नवस बोलायचा नाही, तर काय कलेक्टरसाहेबानं बोलायचा? यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

तुम्हाला सांगते, आमच्या विणकामाच्या मागांच्या शेडात वीज आली खरी, पण ती माहेरवाशिणीसारखी, टेकली न टेकली की निघाली. म्हणून ह्यांनी तेलावरचं इंजिन आणलं, पट्ट्यानं त्याला डायनॅमो जोडला, वीज गेली की ह्याचं धडधड सुरू. उजेड पडायचा, धूर व्हायचा, आणि घामेजल्या हातानं हे डायनॅमोला शिवले की टुणकन मागं. सासूबाई उंबऱ्यावरनं म्हणायच्या, "गडी हाय त्यो, एवढ्यातेवढ्यानं काय हुत न्हाई." एकदा तर उताणेच पडले. डोळे पांढरे, आणि शुद्धीवर येऊन विचारलं काय, तर "इंजिन बंद पडलं न्हाई न्हवं?" मग बोलले मी नवस.

चार दिवसांनी होटगीहून रामहरी वायरमन आला, रेल्वेतला. त्यानं शेडामागं पुरुषभर खड्डा खणला, त्यात लोखंडी पत्रा उभा केला, भोवती कोळसा घातला आणि माझं मडकंभर खडेमीठ रिकामं केलं. म्हटलं, "भाऊजी, हे लोणचं कुणाचं घालताय?"

"वैनी, ह्याला अर्थिंग म्हंत्यात. डायनॅमोच्या अंगावर वीज उतरली की ती जमिनीत जायाला वाट हुडकती. आत्ता ती वाट तुमच्या मालकांतनं जाती. तिला ही दुसरी, सोपी वाट दिली. खड्डा वला ठिवा, सुकला की वाट बंद; रोज कळशीभर पाणी घाला."

पत्र्याला जोडलेला लोखंडी दांडा वर काढला, डायनॅमोपासून तांब्याची तार आणून त्याला नटानं आवळली, आणि झटके थांबले की हो. आता नवस बोलले मारुतीला, पण पावलं कोण? खड्ड्यातला तो. मीठ खातो, पाणी पितो, दुसऱ्यावरचं अरिष्ट अंगावर घेतो... देव आणखी वेगळा काय करतो? मग नवस तिथंच फेडायचं ठरवलं. आणि अर्धवट काम मला जमत नाही. इंजिन बंद असताना नट सैल करायचा, तार बाजूला घ्यायची, तेलात कालवलेला शेंदूर जाडसर थापायचा, वर पुन्हा तार, वर नट. पाच शनिवार, थरावर थर. यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

पाचव्या शनिवारी संध्याकाळी वीज गेली, इंजिन लागलं, ह्यांनी हात लावला आणि तीन हात लांब सुताच्या गठ्ठ्यांवर जाऊन पडले. गठ्ठे होते म्हणून वाचले. रामहरीला बोलावलं. तो दांड्यापाशी वाकला नि तिथंच बसला.

"वैनी, ह्यो शेंदूर कुणी फासला?"

"मी. नवसाचा आहे."

"अवो, तारेत आन् लोखंडात तेलाचा थर. विजेची वाटच लिंपली की तुमी. मग ती जाती पुन्ना मालकांकडं."

म्हणजे बघा, ह्यांच्या आयुष्यासाठी, उपाशीपोटी, सोवळ्यानं, मीच ह्यांच्या अंगावर... सासूबाई म्हणाल्या, "नवसाची सून मिळाली मला." रामहरीनं सगळं खरवडून लोखंड लखलखीत केलं, नट आवळला, आणि माझं तोंड बघून म्हणाला, "शेंदूर लावायचाच आसंल तर खड्ड्यावरच्या झाकणाच्या दगडाला लावा. त्याला काय बी करा."

लावला. आणि झालं काय, तर शेंदराचा दगड बघून गल्लीतल्या बायका हात जोडायला लागल्या. अंबुबाईनं लेकीच्या बाळंतपणासाठी रोज कळशीभर पाणी घालायचं बोलून टाकलं, मग सारजाबाईनं, मग बजाबाईनं. मी खरं सांगून पाहिलं हो. त्या म्हणाल्या, "तुला पावला, आता आमाला नको म्हंतीस व्हय?" उन्हाळ्यात सोलापूरच्या नळाला करंगळीएवढी धार, विहीर अर्ध्या कोसावर, आणि आमचा खड्डा मात्र चोवीस तास ओला. हे धडधाकट आहेत, अंबुबाईची लेक सुखरूप सुटली, आता मी कुणाला काय समजावू?

तेव्हा तुमचंही काही मागणं असेल तर या, संकोच करू नका. येताना फक्त कळशी भरून आणा. तुम्हाला तो पावेल न पावेल, आमचे हे तेवढे वाचतील.