बदल करणारा

मी दत्ताच्या खोलीवर का जात नाही विचारता ना, तर ऐका.

चाकणला आमच्या कंपनीत ग्राइंडिंग व्हील फुटून दत्ताचे दोन्ही डोळे गेले. त्या आठवड्यात स्टोअरमध्ये गॉगलच नव्हते. अपघाताचा रिपोर्ट मी टाइप केला, आणि साहेबांनी सांगितलं म्हणून त्यातलं एक वाक्य बदललं. मग काही महिन्यांनी दत्ताच्या सहीसाठी प्रिंट घेऊन भोसरीला त्याच्या खोलीवर गेलो. म्हटलं, "वाचून दाखवतो."

"कशाला? फाइल दे. आता माझा कॉम्प्युटर वाचतो." न दिसणाऱ्यांसाठीच्या कॉम्प्युटरचा क्लास त्यानं लावला होता.

फाइल पेन ड्राइव्हवर होती, मी निर्धास्तपणे दिली. वर्डमधल्या बदलाच्या खुणा मी लपवल्या होत्या, पुसल्या नव्हत्या. स्क्रीनवर दिसत नाही म्हणजे नाही, एवढीच आपली अक्कल. दत्तानं दोन-तीन बटणं दाबली आणि कॉम्प्युटरमधली बाई सपाट आवाजात वाचायला लागली. "काढलेला मजकूर, कामगाराला गॉगल दिला नव्हता. घातलेला मजकूर, कामगाराने गॉगल लावला नव्हता. बदल करणारा, प्रशांत."

चहा घेऊन आलेली वहिनी दारातच थांबली.

दत्ता म्हणाला, "मला वाटलं, साहेबांचं नाव येईल."

"नोकरीचा प्रश्न होता राव."

"माझा पण आहे. सही केली तर हिला कँटीनमध्ये घेतो म्हणालेत." त्यानं हात पुढं केला. "कुठं करायची, तेवढं बोट धरून दाखव."

मी दाखवलं.