सासऱ्यानं घातलेले जावयाचे बूट

मंडळी, जवळ सरका, मागचे पुढं या! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. उपकार करणारा तोंडानं सांगत नसेल, तर घेणाऱ्यानं तो ओळखायचा कसा? सांगा! ...गप्प? बरं, मग ऐका.

आजऱ्याच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीत एक गाव. तिथं रवळू नाईक म्हणून एक गडी. धंदा काय? झाडावर चढायचं! घरावर वाकलेल्या फांद्या, वाळलेले शेंडे दोरीला लटकून कापायचे. आणि चढायचा कसा? अनवाणी! पण दोरीच्या फासात तळवा अडकवून तासतास उभं राहायचं म्हणजे काय, हे तळव्यालाच ठाऊक. एकदा करवत निसटली, पायावर आली. डॉक्टर म्हणाले, "रवळू, आणखी अशी एक जखम झाली की झाड खालूनच बघायचं!"

घरात बायको सुमित्रा आणि तिचे वडील सातप्पा. पोस्टमन होते, पस्तीस वर्षं डोंगर तुडवून पत्रं वाटली. आता एकटे पडले म्हणून लेकीकडं राहायला आलेले. ते म्हणाले, "जावईबापू, बूट घेऊ. मी येतो. पण संध्याकाळी जाऊ, दिवसभर चालून पाय फुगतो, तवा माप खरं मिळतं."

गेले बाजाराला. रवळूच्या मनात भरला एक चकचकीत बूट, पिसासारखा हलका! दुकानदार म्हणतो, "काय शोभतोय!" हो, दुकानदार दुसरं काय म्हणणार? सातप्पांनी तो बूट हातात घेतला आणि धुणं पिळावं तसा पिळला!

"बापू, हा दोरीत घालून उभं ऱ्हायलात तर दोरी थेट हाडाला लागंल. ह्यो बघा."

आणि दाखवला दुसरा. जाड कातड्याचा, घोट्याच्या वर येणारा, तळ कडक, दोरी घसरू नये म्हणून उंच टाच, पुढं बोटांवर टणक टोपण. जाड मोजे घालायला लावले, दुकानाची पायरी दहा वेळा उतरायला लावली. "बोट पुढं ठेचतंय? न्हाई? टाच उचलतीय? न्हाई? मग ह्योच!"

आता नवं कातडं कसं असतं? नव्या सुनेसारखं! — हसू नका ताई, सासू पण कधी नवीन होती! — थोडं थोडं सवयीचं करून घ्यावं लागतं. सातप्पा म्हणाले, "आधी घरात अर्धा तास घाला." पण रवळूला धीर कुठला? दुसऱ्या दिवशी घातले आणि थेट कामावर! दुपारपर्यंत टाचेला फोड, मोजा रक्तानं भिजलेला. लंगडत घरी आला, बूट कोपऱ्यात भिरकावले आणि बोलला... मंडळी, बोलू नये ते बोलला!

"बूट न्हाईत, सुसरीचं तोंड हाय! लेकीच्या घरी बसून खायचं आणि सल्लं द्यायचं, तुमचं काय जातंय, मामा?"

सुमित्राच्या हातातली भाकरी हातातच राहिली. सातप्पा उठून बाहेर गेले.

तुम्ही असता तर काय केलं असतं? पिशवी भरली असती! मी तर एसटी पण गाठली असती! सातप्पांनी काय केलं? सकाळी रवळू कामाला गेला आणि म्हाताऱ्यानं कोपऱ्यातले बूट उचलले. पुसले, मेण आणि तेल चोळलं. आणि आपल्या पायात चढवले! दोघांच्या पायाचं माप एकच होतं हो!

पहिल्या दिवशी अंगणात. मग विहिरीपर्यंत. मग टेकडीवरच्या रवळनाथाच्या देवळापर्यंत. धोतर आणि खाली हे बूट! बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, "सातप्पाण्णा, मिल्ट्रीत भरती झाला काय?" ते आपले हसायचे आणि चालायचे. अडुसष्ट वर्षांचे पाय! फोड आले, फुटले. लेक रडली, "आबा, का ओ हे? तुमचं वय काय?"

"पोरी, जल्मभर लोकांची पत्रं वाहिली. आता जावयाचं बूट वाहतो. आणि त्याला सांगशील तर शपथ हाय."

असे सतरा दिवस!

मग वळवाचा पाऊस आला, वारा असा की कौलं उडाली! गावाच्या कडेला अंबूबाई म्हणून म्हातारी एकटी राहायची. जांभळीची भली मोठी फांदी अर्धी मोडून तिच्या छपरावर टेकली. दार चेपलं. म्हातारी आत! फांदी जरा हलली तर छप्पर खाली! वरूनच तुकडे तुकडे करून, दोरीनं सोडत आणायचे, दुसरा इलाज नाही. आणि खोड पावसानं ओलं, शेवाळलेलं. रवळू अनवाणी चढला, घसरला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला.

इतक्यात सुमित्रा बूट घेऊन धावत आली. "घाला हे!"

"ते? नगं!"

"घाला म्हणते न्हवं!"

घातले. आणि काय आश्चर्य! पाय लोण्यात गेल्यासारखा आत गेला! चढला. दोन तास फासात उभा, तळवा दुखला नाही. एक तुकडा झोका खाऊन धाडकन पायाच्या बोटांवर आला, टोपणानं झेलला! शेवटी दार मोकळं झालं. अंबूबाई बाहेर आली आणि पहिलं काय बोलली?

"रवळ्या, चुलीवर दूध हाय रं, उतू गेलं का बघ!"

सगळा गाव हसतोय, रडतोय! रवळू खुशीत म्हणाला, "बूट पडून पडून आपोआप मऊ झालं बघा!"

तशी अंबूबाईची शेजारीण फिस्कारली, "आपोआप? आरं मुडद्या, तुझा सासरा सतरा दिस पाय सोलून घेतोय त्यात! सगळ्या गावानं बघितलं, तूच तेवढा आंधळा!"

रवळू धावत घरी आला. सातप्पा घंगाळातल्या गरम पाण्यात पाय सोडून बसलेले. जावई दिसला तसे पाय धोतराखाली ओढायला लागले. रवळूनं ते पाय धरले. फोडांवरची भिजलेली चिंधी हळूच सोडली. मंडळी, लग्नात सासऱ्यानं जावयाचे पाय धुतले होते, त्या दिवशी जावयानं सासऱ्याचे धुतले! डोळ्यांतलं पाणी घंगाळात पडतंय.

"मामा, त्या दिवशी मी जे बोललो..."

"काय बोललात?" सातप्पा म्हणाले. "बापू, वय झालं, अलीकडं मला नीट ऐकू येत न्हाई."

पस्तीस वर्षं दाराबाहेरून नावं पुकारणारा पोस्टमन! लांबच्या डोंगरावरची हाक ओळखायचा तो! त्याला ऐकू येत नव्हतं?

रवळूला शेजारणीनं सांगितलं, म्हणून कळलं. तुम्हाला कोण सांगणार? मीच सांगतो! आज घरी गेल्यावर ताट समोर येईल, ऊन भाकरी पडेल. घास तोंडात घालण्याआधी वाढणाऱ्या हाताकडं बघा. काही भाजलंय का, कापलंय का, ते बघा. आणि विचारा, "दुखतंय का गं?" ती "नाही" म्हणेल. तरी विचारा!

बोला, सोसणाऱ्यांच्या पायी राहणाऱ्या रवळनाथाच्या नावानं — चांगभलं!